बर्लिनहून किहीमला



१९३० साली सालिम अली बर्लिनहून मुंबईला परतले, तेव्हा त्यांची नोकरी गेलेली होती. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गेतिहास विभाग नवा उघडला होता. तिथं १९२६ पासून ते गाइड लेक्चरर होते, महिना साडेतीनशे रुपये पगारावर. रजा काढून जर्मनीला शिकायला गेले, आणि परत येऊन बघतात तो पैशांअभावी ते पदच रद्द झालेलं. वय तेहेतीस, लग्न झालेलं, आणि हाताशी विद्यापीठाची रीतसर पदवी नाही. झूऑलॉजिकल सर्व्हेमधली पक्षीतज्ज्ञाची जागाही पदवीपायीच त्यांना मिळाली नव्हती.

मला आज बोलायचं आहे ते या परतण्याबद्दल. परदेशी निघालेल्या विद्यार्थ्याचा आपण सत्कार करतो, गावच्या पेपरात त्याचा फोटो येतो. तो परत आला की चार दिवस पाहुणचार होतो, आणि मग त्याचं पुढं काय चाललंय याची चौकशी करायला कुणाला सवड नसते. निसर्गअभ्यासकाच्या बाबतीत तर हा काळ फार अवघड असतो. हृदय बर्लिनमध्ये आणि बारामतीत एकाच बाजूला असतं, त्यामुळे डॉक्टरची विद्या त्याच्याबरोबर प्रवास करते. पक्षी, झाडं, माती, ऋतू यांचं तसं नाही. ज्यांच्यावर हात बसवला ते जीव तिथंच राहतात आणि इथं वेगळेच जीव समोर उभे असतात. बरोबर येते ती फक्त बघायची रीत. ती रीत इथल्या मातीत लागू होते का, कशी होते, आणि होईपर्यंत त्या माणसाला कोण सांभाळतं, हा माझा आजचा विषय आहे.

सालिम अलींच्या लहानपणीची गोष्ट, ती पिवळ्या गळ्याची चिमणी आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे मिलार्डसाहेब, आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली आहे. ती मी पुन्हा सांगत नाही. तिच्यानंतरची एक गोष्ट मात्र सहसा सांगितली जात नाही. बर्लिनच्या आधीही ते एकदा असेच परत आले होते. कुटुंबाचा ब्रह्मदेशात तवॉयला वुल्फ्रॅमच्या खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता, तो बघायला ते १९१४ साली गेले. धंद्यापेक्षा जंगलातच जास्त रमले आणि १९१७ साली मुंबईला आले. मग सकाळी दावर कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब, आणि तिथून सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राचे वर्ग. या मुलाचं मन कशात आहे हे फादर ब्लॅटर यांच्या लक्षात आलं होतं आणि त्यांनीच त्याला तिकडं ओढलं. परतलेल्या माणसाला वर्गात बसायला एक बाक मिळाला, तो असा एका प्राध्यापकानं स्वतःहून दिल्यामुळे.

आता बर्लिन. त्या काळी आपल्याकडचं पक्षिशास्त्र म्हणजे मुख्यतः पक्ष्यांच्या कातड्यांचं शास्त्र होतं. पक्षी मारायचा, कातडं सोलून त्यात कापूस भरायचा, पंख आणि चोच मोजायची, चिठ्ठी बांधायची आणि खणात ठेवायचा. हे काम हलकं मुळीच नाही. हे खण नसते तर कुठला पक्षी कुठं आढळतो हेच आपल्याला कळलं नसतं. बर्लिनच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली सालिम अलींनीही कातड्यांवरच काम केलं. स्टॅनफर्ड यांनी ब्रह्मदेशातून जमवलेला संग्रह तिथं अभ्यासाला होता. पण श्ट्रेसेमान यांच्या भोवती एक वेगळं वारं वाहत होतं. पक्षी जगतो कसा, जोडी जमवतो कशी, घरटं का बांधतो, याला ते शास्त्राचा प्रश्न मानत होते. ऑस्कर हाइनरोट यांच्याशी सालिम अलींची तिथं ओळख झाली. हाइनरोट पतिपत्नींनी बर्लिनमधल्या आपल्या घरात कितीतरी जातींचे पक्षी पिलापासून हातावर वाढवून त्यांचं वागणं टिपून ठेवलं होतं. उत्तर समुद्रातल्या हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचं स्थलांतर कसं शोधतात, तेही सालिम अली शिकले.

एवढं सगळं घेऊन माणूस मुंबईत उतरला, आणि बसायला खुर्ची नाही.

अलिबागजवळ किहीमला समुद्रकाठी राहायला घर होतं, पत्नी तेहमिना यांच्या थोड्याशा स्वतंत्र मिळकतीचा आधार होता. दोघं तिकडं राहायला गेले. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पुढच्या वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा सुगरणीच्या घरट्यांवरचा लेख आला. माझ्या मते भारतीय पक्षिशास्त्रातलं ते एक वळण आहे, म्हणून त्यात काय होतं ते जरा सावकाश सांगते.

जुलै-ऑगस्टात तुम्ही अलिबागेकडं गेलात आणि विहिरीवर झुकलेली शिंदी किंवा बाभूळ दिसली, तर थांबा. पिवळ्या डोक्याचा नर भाताच्या किंवा उंच गवताच्या पात्याशी येतो. पात्याच्या कडेला चोचीनं एक खाच पाडतो, ते टोक चोचीत धरतो आणि उडतो. पात्याची लांब अरुंद पट्टी सरकन फाटत त्याच्याबरोबर निघते. झाडावर येऊन ती तो फांदीच्या टोकाला विणतो. आधी लोंबता दोर, मग त्याला गोल कडं, मग कड्यावर छप्पर. छप्पर झालं की घरटं शिरस्त्राणासारखं दिसतं, खालून उघडं आणि मधोमध एक आडवा पट्टा. इथवर यायला साधारण आठ दिवस जातात. आणि इथं नर काम थांबवतो. घरट्याला खालून लटकून पंख फडफडवतो, आरडाओरडा करतो. सगळ्या वसाहतीत एकच कल्ला उठतो, कारण माद्या आलेल्या असतात.

मादी येते, आडव्या पट्ट्यावर बसते, आतले धागे चोचीनं ओढून बघते. पसंत पडलं तर ती तिथं राहते, आणि मगच नर एका बाजूला अंड्यांची खोली आणि दुसऱ्या बाजूला खाली उतरणारी नळी विणायला घेतो. आतली शेवटची कामं मादी करते. दोन ते चार पांढरी अंडी घालते आणि पंधराएक दिवस एकटीच उबवते. ती अंड्यांवर बसली की नर शेजारच्या फांदीवर नवा दोर बांधायला लागलेला असतो, दुसऱ्या मादीसाठी. ज्या घरट्याला कुणीच पसंत केलं नाही, ते अर्ध्यावरच लोंबत राहतं.

ही अर्धवट घरटी सगळ्यांनी पाहिलेली होती. नराला बसायला, झोके घ्यायला, पावसात आडोसा म्हणून ती असतात, असा समज जुन्या लिखाणातही होता. किहीमच्या लेखानं तो बाजूला सारला. एक नर एकाच हंगामात एकामागून एक अशा अनेक माद्यांशी घर मांडतो, आणि घर निवडण्याचा अधिकार मादीचा असतो, हे त्यात मांडलेलं होतं.

यासाठी लागलं काय? महागडं उपकरण एकही नाही. लागला तो एकाच झाडाखाली घालवलेला अख्खा पावसाळा. अमुक घरटं कुठल्या नराचं, त्यात मादी कधी शिरली, त्यानंतर तो नर कुठं गेला, हे रोज बघितल्याशिवाय आणि लिहून ठेवल्याशिवाय ही उकल होऊच शकत नाही. दौऱ्यावर आलेला, बंदूक घेऊन फिरणारा संग्राहक दहा वर्षं फिरला तरी त्याला हे दिसणार नाही. बर्लिनहून आलेला प्रश्न आणि किहीमला मिळालेला वेळ, दोन्ही एकाच माणसाच्या हातात पडले म्हणून हे काम झालं. श्ट्रेसेमान यांच्या संग्रहात कितीही सुगरणी असत्या तरी तिथं याचं उत्तर सापडलं नसतं. किहीममधल्या शेतकऱ्यांना तर सुगरण पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती, पण घरट्यागणिक नोंद ठेवायचं कारण त्यांना कधी पडलं नव्हतं.

इथं एक गोष्ट मला ठामपणे सांगायची आहे, कारण या प्रसंगाचा वापर नेहमी उलटा होतो. नोकरी गेली हे किती बरं झालं, म्हणून तर असा शोध लागला, असं मोठ्या कौतुकानं सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. डोक्यावर छप्पर होतं, घरात थोडी मिळकत होती, सोबत करणारी पत्नी होती, म्हणून बेकारीचं रूपांतर अभ्यासात झालं. ज्याच्या घरी यातलं काहीच नसेल, असा तितकाच तयारीचा माणूस त्या साली बर्लिनहून उतरला असता, तर कुठल्यातरी पेढीवर हिशेब लिहीत संपला असता आणि आपल्याला त्याचं नावही कळलं नसतं. असे किती संपले असतील, याची नोंद कुठल्याही नियतकालिकात नाही.

पुढची पायरीही अशीच आहे. हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी करायची होती. सालिम अलींनी सोसायटीपुढं प्रस्ताव ठेवला, की मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च संस्थानानं द्यावा, मी मानधन घेणार नाही. आजचा मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता, म्हणजे आपल्याच मुलखातल्या पक्ष्यांची पहिली शास्त्रशुद्ध मोजदाद एका बिनपगारी माणसानं केली. त्यामागून त्रावणकोर-कोचीन, मग भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर. तंबू, बैलगाडी, पहाटे जंगल आणि रात्री कंदिलाच्या उजेडात नोंदी. आपण याला त्याग म्हणतो आणि हात जोडतो. मीही जोडते. पण एवढं मोठं काम देशात व्हायला हवं होतं आणि ते करणाऱ्याला पगार देईल अशी एक जागा देशात नव्हती, हेही त्या हात जोडण्याआड दडून राहता कामा नये.

आणि तेहमिना. परतण्याच्या गोष्टीत परतणारा एकटाच दिसतो. शहरी राहणीत वाढलेल्या या बाई त्या पाहण्यांमध्ये बरोबर असत. तंबूतला संसार त्यांनी आपलासा केला, नवऱ्याचं इंग्रजी लिखाण वाचून सुधारून दिलं. १९३९ साली एका लहानशा शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. भारतीय पक्ष्यांवरचं सालिम अलींचं पुस्तक, ज्यानं या देशातल्या हजारो लोकांना पक्षी ओळखायला शिकवलं, ते १९४१ साली आलं. ते पाहायला त्या नव्हत्या.

माझं स्वतःचं काम वनस्पतींवरचं. युरोपातल्या एका मोठ्या वनस्पती-संग्रहात काही वर्षं काम करून मी परत आले. तिथं माझ्या टेबलावर रोज आपल्या कोकणातली, देशावरची झाडं असत, कागदावर चिकटवलेली, दीडदीडशे वर्षांची. कंपनीच्या आणि राणीच्या अमलात इथं आलेल्या डॉक्टरांनी, वन अधिकाऱ्यांनी ती गोळा केली आणि बोटीनं पाठवली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य थिओडोर कुक निवृत्तीनंतर इंग्लंडला गेले आणि मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा त्यांचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला. आजही आपला सह्याद्रीवरचा विद्यार्थी पहिल्यांदा कुकच उघडतो. एखाद्या जातीचं नाव ज्या नमुन्यावरून ठरलं तो मूळ नमुना बहुधा तिकडं आहे, आणि झाड इकडं आहे. परत येणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञाचं आयुष्य या दोहोंमधल्या अंतरात जातं. आता बऱ्याच नमुन्यांची छायाचित्रं संगणकावर बघायला मिळतात, हे फार मोठं काम झालं आहे.

त्या कागदांवर मी कंदीलपुष्पांचे नमुने पाहिले होते. सेरोपेजिया या वंशातल्या आपल्या सह्याद्रीतल्या कितीतरी जाती जगात दुसरीकडं कुठंही नाहीत. कागदावर फूल दाबलं जातं, तपकिरी होतं, त्याची लांबी मोजता येते. परतल्यावर पहिल्याच पावसाळ्यात एका कड्याच्या उतारावर, गवतात गुडघे टेकून, मी ते जिवंत पाहिलं. खाली फुगीर तळ, वर अरुंद नळी, आणि टोकाशी पाच पाकळ्या शेंड्याला जुळून झालेली छोटी खिडक्यांची जाळी. बारीक माश्या वासाला भुलून खिडकीतून आत शिरतात आणि नळीतून तळाशी घसरतात. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात, त्यामुळे माशीला वर चढता येत नाही. ती आत अडकून हिंडत राहते आणि परागांचे पुंजके तिच्या अंगाला चिकटतात. कालांतरानं केस सुकतात, फूल कलतं, आणि माशी सुटून दुसऱ्या फुलाकडं जाते. मी तिथं बसले होते तेव्हा एका फुलाच्या तळाशी, उन्हाच्या विरुद्ध बाजूनं बघितल्यावर, आतल्या माशीची सावली हलताना दिसली. तिकडं इतकी वर्षं मी त्या फुलाची लांबी मोजत होते. हे फूल दिवसभर करतं काय, हा प्रश्न मला इथं येऊन, चिखलात बसल्यावर पडला. बाहेरच्या प्रशिक्षणानं मोजायला शिकवलं, त्याबद्दल मी कायम ऋणी आहे. पण प्रश्न विचारायला झाड लागतं.

परतल्यावरची पहिली अडचण ऋतूची असते, हे कुणी आधी सांगत नाही. युरोपात सगळा जीव वसंतात उफाळून येतो. तिथल्या अभ्यासकाचं वर्ष एप्रिल-मेभोवती आखलेलं असतं. आपल्याकडं सड्यावरचं, पठारावरचं सगळं काही पहिल्या पावसापासून दसऱ्यापर्यंत उरकतं. कोकणातल्या कातळसड्यावर मे महिन्यात काळा दगड असतो, आणि ऑगस्टात त्याच दगडावर सीतेची आसवं, गेंद, कवला यांचे गालिचे पसरतात. म्हणजे धुकं, जळवा, भिंगांवर चढणारी बुरशी, न सुकणारे कागद, हे सगळं ज्या महिन्यांत असतं तेच आपले कामाचे महिने. डोळ्यांनाही पुन्हा वळण लावावं लागतं. मोजक्याच जातींच्या जंगलात तयार झालेली नजर आपल्या जंगलाच्या गर्दीत पहिले काही महिने भांबावते. कान तर त्याहून उशिरा जागे होतात.

दुसरी अडचण घरातली. आईवडील म्हातारे झालेले असतात, आणि बहुतेक जण परत येतात ते त्यासाठीच. संशोधनाचा दिवस आणि दवाखान्याचा दिवस एकच असतो. भेटायला येणारी काकू मायेनंच विचारते, “अगं, तिथं सगळं चांगलं होतं ना? मग का आलीस?” तिला उत्तर देता येतं. तोच प्रश्न मुलाखतीच्या खोलीत, टेबलापलीकडून, वेगळ्या सुरात विचारला जातो, तेव्हा मात्र माणूस खचतो.

माधव गाडगीळ यांचं परतणं मला या संदर्भात फार शिकवणारं वाटतं. पुण्यात वाढलेले, फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९६९ साली त्यांनी हार्वर्डमधून डॉक्टरेट केली. विषय गणिती परिसरशास्त्राचा. १९७० साली बॉसर्ट यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला, निसर्गनिवडीमुळे सजीवांचा जीवनक्रम कसा घडतो यावरचा लेख आजही त्या विषयातला पायाभूत मानला जातो. अशा माणसाला तिकडं राहायला कुणी नको म्हटलं नसतं. ते आणि हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ १९७१ साली परत आले. माधवराव पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत रुजू झाले. गणिती प्रतिमानं करायला कागद-पेन्सिल पुरते. ते तेच काम पुण्यात बसून करत राहिले असते आणि त्यात गैर काही नव्हतं. पण त्यांनी तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांचा हात धरला आणि देवराया हिंडायला सुरुवात केली.

वर्तकांना झाडं माहीत होती, गावं माहीत होती, देवस्कीचे नियम माहीत होते. गाडगीळांकडं आकड्यांची शिस्त होती. सह्याद्रीच्या गावांमधून देवाच्या नावानं राखलेले हे रानाचे तुकडे, काही अर्ध्या एकराचे, काही बरेच मोठे, त्यांनी नोंदवले. माणसाच्या मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली, हातभर लांब शेंगा, आजूबाजूचा डोंगर उघडा पडला असताना इथंच टिकलेले जुने वृक्ष, राईतून निघणारा पाण्याचा झरा. झरा आटू नये म्हणून राई तोडू नका, हे गावकरी स्वतःच सांगत होते. १९७०च्या दशकात या दोघांचे लेख प्रसिद्ध झाले आणि देवराई हा शास्त्रीय अभ्यासाचा विषय बनला. हार्वर्डमध्ये शिकलेल्या माणसानं इथल्या माहीतगाराच्या पाठोपाठ चालायचं ठरवलं, म्हणून हे घडलं. मला त्यात मोठी बौद्धिक शक्ती दिसते.

पुढं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्यावर त्यांनी कर्नाटकातल्या बांबूचा अभ्यास केला. कागद गिरण्यांना बांबू पुरेनासा झाला होता. बेटाच्या बुंध्याशी असलेलं काटेरी जाळं साफ करावं, म्हणजे बांबू चांगला वाढेल, अशी वनखात्याची शिफारस होती. गावातले लोक म्हणत होते की काटे काढले की कोवळे कोंब गुरं खाऊन टाकतात. गाडगीळ आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी प्रत्यक्ष पाहणी केली, आणि गावकऱ्यांचंच खरं निघालं. काटे कोंबांचं रक्षण करत होते. पाहणीची पद्धत विद्यापीठातली होती, पण पारखायला घेतलेलं विधान मात्र गुराख्याच्या तोंडचं होतं.

ज्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत गाडगीळ उतरले, तिची स्थापना १९४६ साली करणारे शंकर पुरुषोत्तम आघारकर हेही असेच परतलेले गृहस्थ. मालवणचे. तरुणपणी सह्याद्रीच्या पाण्यात त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली, जी तोवर फक्त आफ्रिकेत असल्याचं मानत. कलकत्ता विद्यापीठानं १९१४ साली त्यांना जर्मनीला पाठवलं, आणि महायुद्ध सुरू झाल्यामुळे शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून त्यांना स्थानबद्ध व्हावं लागलं. तरी बर्लिनची डॉक्टरेट घेऊनच ते आले आणि कलकत्त्याला प्राध्यापकी केली. उतारवयात पुण्यात त्यांनी जी संस्था उभी केली, तिच्यात पंचवीस वर्षांनी दुसऱ्या एका परतलेल्या माणसाला जागा मिळाली.

काही विद्या मात्र फार उशिरा कामाला येते. हेल्गोलँडला शिकलेलं कडी घालण्याचं तंत्र सालिम अलींना मोठ्या प्रमाणावर वापरायला मिळालं ते १९५९ नंतर. १९५७ साली कर्नाटकात क्यासनूर जंगलाचा ताप आढळला, स्थलांतर करणारे पक्षी त्याचा विषाणू आणतात का हे तपासायची गरज पडली, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं सोसायटीनं पक्षी स्थलांतराचा प्रकल्प हाती घेतला. बर्लिन आणि हा प्रकल्प यांच्यात तीस वर्षं गेली. परतलेल्या माणसाकडून आपण पहिल्या दोन वर्षांत निकाल मागतो, म्हणून हे सांगितलं.

आज काय आहे? आज कॉलेजं आहेत, विद्यापीठं आहेत, सालिम अलींच्या वेळी नव्हत्या त्या शिष्यवृत्त्या आहेत. आणि तरीही परदेशातून डॉक्टरेट घेऊन आलेली, किंवा इथंच केलेली, कितीतरी मुलं-मुली तासिका तत्त्वावर शिकवत आहेत. झाले तेवढ्या तासांचे पैसे, सुटीत काहीच नाही, पुढच्या वर्षी बोलावतील की नाही ठाऊक नाही. मी अशा एका मुलीला ओळखते. गवतांवर तिचा जो अभ्यास आहे, तसा आपल्या भागात दुसऱ्या कुणाचा नाही. दिवसाला दोन गावांतल्या दोन कॉलेजांत तास घेऊन ती एसटीनं घरी येते. पठारावर जायचं तर वनविभागाची परवानगी लागते, परवानगीच्या अर्जाला संस्थेचं पत्र लागतं, आणि तासिकेवरच्या माणसाला संस्था आपलं म्हणत नाही. पैशांची अडचण मला समजते. पत्राला पैसे पडत नाहीत.

ज्यांच्या नावानं आपण जमलो आहोत त्या सरांनी या कॉलेजात चाळीस वर्षं झाडं गोळा केली. ते स्वतः परदेशी गेले नाहीत, पण आमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी तिकडच्या संग्रहात पाऊल टाकलं, त्यांना कागदावर झाड कसं लावायचं, चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख आणि स्थानिक नाव कसं लिहायचं, हे इथल्या मागच्या खोलीत सरांनी शिकवलेलं होतं. तिकडं माझ्या वरिष्ठ बाईंनी माझी पहिली चिठ्ठी पाहून तुला हे कुणी शिकवलं, असं विचारलं होतं, आणि मी या गावाचं नाव सांगितलं होतं. ती खोली आता कुलूपबंद आहे. कपाटं आहेत, नमुने बऱ्यापैकी शाबूत आहेत. गेल्या आठवड्यात प्राचार्यांच्या परवानगीनं मी ते उघडून पाहिले. काही गठ्ठ्यांना कसर लागली आहे, बाकीचे वाचवता येतील.

संस्थेचे पदाधिकारी समोर बसले आहेत, म्हणून मागणं इथंच मांडते. ती खोली उघडावी. तिथं एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक आणि ग्रंथालयाचं कार्ड अशा माणसासाठी ठेवावं, ज्याच्याकडं अभ्यास आहे पण जागा नाही. तो परदेशातून आलेला असो की शेजारच्या तालुक्यातून. त्याला ‘मानद संशोधक’ म्हणून कॉलेजचं पत्र द्यावं, म्हणजे वनविभागाकडं त्याला स्वतःच्या नावानं अर्ज करता येईल. व्याख्यानाचं मानधन मी या कामाच्या खात्यात जमा केलं आहे. डांबरगोळ्या, जाड कागद आणि कपाटांची दुरुस्ती एवढं त्यातून होईल. अर्ज मंजूर व्हायला महिना-दीड महिना जातो. मेच्या पहिल्या आठवड्यात पत्र निघालं, तर ती गवतांची मुलगी या जूनपासून पठारावर जाऊ शकेल.